अण्णांचे चौदा दिवस आणि चार पावडरी

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. औसा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, खत-बियाणं विकतो, औषधं पण विकतो पण ती सोयाबीन-तुरीची. मागच्या वर्षी आमच्या अण्णांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्याच्या आधी चौदा दिवस घरात ताकदीच्या पावडरींचा जो काय खेळ झाला तो अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि आता कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं की मला फोन येतो, तुम्ही कोणता डबा आणला होता म्हणून. तर म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. कंपन्यांची नावं घेणार नाही. एक तर एकाला जे पचत नाही ते दुसऱ्याला बरोबर पचतं, आणि दुसरं म्हणजे नाव सांगितलं की लोक पुढचं काही वाचत नाहीत, सरळ मेडिकलवर जातात.

अण्णा ६६ वर्षांचे. वजन ६१ किलो होतं ते चार-पाच महिन्यात ५२ वर आलं, धोतराच्या निऱ्या दोन जास्त पडायल्या म्हणून आईच्या लक्षात आलं, नाहीतर अण्णा कुणाला सांगणारे नाहीत. लातूरला दुर्बिणीतून तपासलं, उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ, हिमोग्लोबिन ८.१, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन २.९, दोन्ही कमी. आम्ही म्हटलं उद्याच कापून टाका. सर्जन म्हणाले नाही, आधी दोन आठवडे खायला घाला.

खरं सांगतो, मला राग आला. आत कॅन्सर वाढायलाय अन् आपण म्हाताऱ्याला दूध पाजत बसायचं? पण त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं, इथून इथपर्यंत कापणार, मग ही दोन टोकं जोडणार, आणि हा जोड अंगातल्या प्रोटीनवर भरून येतो. सहा महिन्यात दहा टक्क्याच्या वर वजन उतरलेलं, अल्ब्युमिन तीनच्या खाली, अशा माणसाला तसंच टेबलावर घेतलं तर जोड सुटायचा, जखमेत पू व्हायचा धोका वाढतो, म्हणून अशा पेशंटला ७ ते १४ दिवस नीट पोषण देऊन मगच मोठं ऑपरेशन करायचं, कॅन्सर असला तरी, आणि तेवढ्यानं गाठीत काही फार फरक पडत नाही. अण्णांचं वजन तर जवळजवळ पंधरा टक्के उतरलं होतं. मग मी गप बसलो.

तिथल्या आहारवाल्या मॅडमनी चिठ्ठी दिली. किलोमागं १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन रोज, म्हणजे ५२ किलोला ६२ ते ७८ ग्रॅम. कॅलरी किलोमागं २५ ते ३०, म्हणजे १३०० ते साडेपंधराशे. आकडे म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, हे आपल्याला जमतं, एकराला किती नत्र लागतं तसंच आहे हे. घरी येऊन हिशोब मांडला की अण्णा सध्या खातात काय, तर दिवसाला जेमतेम २५ ग्रॅम. आम्हाला वाटायचं घरची तूर आहे, रोज वरण आहे, प्रोटीनची काय कमी. पण शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीसेक ग्रॅम असतं आणि आपल्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे वाटीला पाच ग्रॅम. बाकी पाणी आणि फोडणी.

त्यात आतडं गाठीपाशी अरुंद झालेलं, म्हणून चोथा बंद. ज्वारीची भाकरी बंद, पालेभाजी बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. मराठवाड्यातल्या माणसाला भाकरी बंद म्हणजे जेवणच बंद केल्यासारखं आहे, अण्णा भाताला जेवण समजतच नाहीत. आणि गळ्यात चाळीस वर्षांची तुळशीची माळ, त्यामुळं अंडं पण नाही. अंडं चाललं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं, मऊ उकडून दिलं की झालं. तर ज्यांच्याकडं चालतं त्यांनी आधी अंडी बघा, मग डबे.

आता पहिली पावडर. ही तीच, सगळ्यांच्या घरी येते ती, पेशंटला भेटायला येणारे पूर्वी कुंथलगिरीचे पेढे आणायचे ते आता हा डबा आणतात. व्हॅनिला. एक मी लातूरच्या गंजगोलाईतून आणला आणि दोन पाहुण्यांनी, मिळून तीन झाले. चारशे ग्रॅमचा, सातशेच्या आसपास. कोमट पाण्यात कालवायचा, आधी पाणी मग पावडर, उलटं केलं किंवा उकळतं पाणी घेतलं की गुठळ्या. पहिला ग्लास अण्णांनी अर्धा घेतला आणि म्हणाले, "कामून आणलं रे हे? लई गोड हाय, जीभ चिकटायली." पण दुसऱ्या दिवसापासून ग्लास रिकामा यायला लागला. स्टीलचा पेला, वर बशी झाकून खोलीत ठेवायचो, अर्ध्या तासानं जाऊन बघावं तर चट्ट. आम्ही खुश. तीन वेळा देतोय, तीन वेळा रिकामा.

चौथ्या दिवशी सकाळी आई कढीपत्ता तोडायला गेली. आमचा कढीपत्ता अण्णांच्या खोलीच्या खिडकीखाली आहे. बुडाशी माती पांढरी पडलेली, वर वाळून साईसारखा पापुद्रा धरलेला आणि तिथून पार न्हाणीच्या कोपऱ्यापर्यंत काळ्या मुंग्यांची रांग, लग्नाची वरात निघावी तशी. आई तिथूनच ओरडली, "ह्या झाडाला दूध कुणी घातलं?" खिडकीत अण्णा माळ ओढत बसलेले, मान वर नाही.

म्हणजे चौदातले चार दिवस गेले. पेला रिकामा झाला म्हणजे पोटात गेलं असं धरू नका, समोर बसा.

त्या रात्री मी पहिल्यांदा डब्याची मागची बाजू वाचली. रोज गिऱ्हाइकाला गोणीवरचे आकडे वाचून दाखवणारा माणूस मी, युरियात नत्र ४६ टक्के, डीएपी १८:४६, आणि बापासाठी आणलेल्या डब्यावर मात्र पुढचा हसरा म्हातारा बघून पैसे दिले होते. शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन १६ ग्रॅम. एका ग्लासात पन्नासेक ग्रॅम पावडर पडते म्हणजे ग्लासाला ८ ग्रॅम, दीड अंडं सुद्धा नाही. बाकी साखर, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, आणि तेल. नुसत्या ह्याच्यावर ६२ गाठायचे तर आठ ग्लास, आणि डबा रोज एक. पण डब्याला शिव्या घालण्यात पण अर्थ नाही बरं का, कॅलरी पण लागतातच, नुसतं प्रोटीन घातलं आणि कॅलरी कमी पडल्या तर अंग तेच प्रोटीन जाळून टाकतं. ज्याला काहीच जेवण जात नाही त्याला हा डबा उपयोगाचा. शुगर असेल तर मात्र साधा डबा विचारल्याशिवाय देऊ नका, त्याचे वेगळे मिळतात. आणि आतडं अरुंद असेल तर फायबर, म्हणजे तोच चोथा, घातलंय का ते बघा, काही डब्यांत असतं आणि ते मोठ्या अक्षरात चांगली गोष्ट म्हणून छापलेलं असतं.

दुसरी पावडर भाच्याची. पुण्यात असतो, जिमला जातो, मामाचा फोन गेल्यावर बरणीच घेऊन आला, पाच किलोच्या तेलाच्या डब्याएवढी. स्कूपला २४ ग्रॅम प्रोटीन. आकडा बघून मी खुश, मॅडम नाही. त्यांनी आधी क्रिएटिनिन बघितलं, म्हणजे किडनी झेपवंल का, ते बरोबर होतं, मग बरणीच्या मागची यादी वाचली तर त्यात प्रोटीनसोबत आणखी दहा-बारा नावं, क्रिएटिन काय नि काय काय. म्हणाल्या साधं व्हे, म्हणजे नुसतं दुधातलं प्रोटीन असतं तर घेऊ दिलं असतं, हे पैलवानाचं आहे, पेशंटचं नाही. बरणी परत पुण्याला गेली. हा भाग इथंच संपला.

तिसरी मात्र संपली नाही, अजून घरात तिच्यावरून बोलणं होतं.

मेडिकलवाल्यानंच सुचवलं, कॅन्सर ऑपरेशनच्या आधी पाच-सात दिवस देतात ते सॅशे वेगळे येतात, आणि ते खरंच आहे, त्यात आर्जिनीन, न्यूक्लिओटाइड आणि ओमेगा-३ असतं, जखम भरायला आणि इन्फेक्शनशी लढायला म्हणून. दिवसाला तीन. एकाला साडेतीनशे. पाच दिवसांचे पंधरा घेतले, सव्वापाच हजार एका झटक्यात गेले, आणि घेताना मला अभिमान वाटला की बघा आपण काहीतरी भारी आणलं. घरी बायकोनं पिशवीतून काढताना उलटं करून बघितलं आणि माझ्यापुढं धरलं. कोपऱ्यात चौकोन, चौकोनात तपकिरी त्रिकोण. हिरवा ठिपका नाही. ओमेगा-३ माशाच्या तेलाचं होतं.

मी म्हटलं कशाला सांगायचं, औषध आहे, सॅशे कापून कचऱ्यात टाकू आणि पेला देऊ. बायको म्हणाली, "चाळीस वर्षं पंढरीची वारी केलेला माणूस आहे, आणि ऑपरेशनला न्यायच्या आधी त्यांनाच फसवायचं?" ह्यावर मला काही बोलता येईना. रात्री अण्णांपाशी बसून सांगितलं, असं असं आहे, ताकदीला चांगलं आहे, पण माशाचं तेल आहे. अण्णांनी सॅशे हातात घेतलं, तो त्रिकोण अंगठ्यानं पुसल्यासारखा केला. बराच वेळ गप. मग म्हणाले, "डाक्टरला इचार, ह्याच्याबिगर आपरेशन होतंय का न्हाई."

विचारलं. सर्जन म्हणाले होतंय की. ऑपरेशनच्या आधी नुसते हे खास सॅशे दिले तर साध्या जास्त प्रोटीनच्या पावडरीपेक्षा नक्की जास्त फायदा होतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, हे देता आलं तर द्या, नाहीतर साधंच पण पूर्ण मापानं पोटात जाऊ द्या, माप महत्त्वाचं. हे मला आवडलं, नाहीतर आपल्याकडं महागाचं तेच खरं. मेडिकलवाल्यानं चौदा सॅशे परत घेतले, बिल होतं म्हणून, तर बिल घेत जा आणि जपून ठेवत जा. पंधरावं मी आधीच फोडलं होतं, चव बघायला. मी माळकरी नाही. पहिला घोट व्हॅनिला, दुसरा घोट औषधाची बाटली, आणि गिळून झाल्यावर घशात मागं कुठंतरी लांबून मासळी बाजाराचा वास. गार करून प्यायलं तर वास कमी येतो असं मॅडम म्हणाल्या. मी काय पुन्हा बघितलं नाही.

एवढ्यात सहावा दिवस. मग चौथी पावडर, आणि ही कुणी पाहुण्यानं आणली नाही, जाहिरातीत दिसली नाही, मॅडमनी चिठ्ठीच्या मागं लिहून दिली. बिनचवीची, बिनवासाची, हिरव्या ठिपक्याची, दुधाच्या प्रोटीनची. शंभर ग्रॅममध्ये ऐंशीच्या वर प्रोटीन. घ्या, हा झाला युरिया! दहा ग्रॅमच्या स्कूपला ८ ग्रॅम, म्हणजे व्हॅनिलाच्या पूर्ण ग्लासात जेवढं तेवढं ह्याच्या एका स्कूपात, आणि गोडाचा पत्ता नाही. डब्यावर लिहिलेलं असतं की वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावं, ती ओळ शोधून घेत जा, दुकानदार म्हणतो सगळं सारखंच असतं पण नसतं.

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. बायकोनं उकळत्या वरणात दोन स्कूप टाकले आणि डोळ्यादेखत वरण फाटलं, दूध नासल्यासारखे पांढरे गोळे वर तरंगायले. ते मी खाल्लं, चव वाईट नव्हती पण बघून खाववत नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच युक्ती काढली. वरण घोटून गाळून घ्यायचं, गॅस बंद, बोट घालवंल इतकं निवू द्यायचं. वाटीत एक स्कूप पावडर, त्यात दोन चमचे कोमट पाणी, बोटानंच फेटून पेढ्याच्या खव्यासारखं मऊ करायचं आणि मग ते वरणात. एक गुठळी नाही. मऊ भात, वर हे वरण, वर दोन चमचे तूप, लिंबू पिळून. अण्णांनी चार घास खाल्ले आणि म्हणाले, "आज वरण दाट हाय, ही कोणती तूर?" बायको म्हणाली नवीन बियाणं आहे मामा. माझ्याकडं बघून हसली. दोन मिनिटांनी तिनंच सांगून टाकलं, आधीच्या त्रिकोणानंतर आता लपवायचं नाही असं ठरलं होतं ना. अण्णा म्हणाले चव नसंल तर चालंल.

मग सहा स्कूप दिवसाला बसवले, दोन वेळच्या वरणात दोन-दोन, एक सकाळी ताकात, एक रात्री दह्याला फेटून. ४८ ग्रॅम हे, पंचवीस जेवणातलं, झाले ७३. मॅडमच्या आकड्यात बरोबर बसलं. मी दुकानातल्या वहीत स्टॉक लिहितो तसं रोज लिहायचो, आई हसायची, बापाला खत घालायला आणि वहीत लिहायला म्हणून. ह्या पावडरीत कॅलरी मात्र नाही म्हणण्यासारख्या, स्कूपला चाळीसेक, म्हणून तूप, साय, आणि शेवटी तो व्हॅनिलाच परत काढला. आता ग्लास नाही, चहाचा कप, अर्धा, त्यात चिमूटभर इन्स्टंट कॉफी, संध्याकाळी चारला, मी समोर खुर्ची टाकून. वीस मिनिटं लावून घोट-घोट. गोडाला कॉफीचा कडूपणा लागला की अण्णांची तक्रार नाही. आधी हे सुचलं असतं तर कढीपत्ता वाचला असता. एकदम मोठा ग्लास दिला की पुढच्या जेवणाची भूक मरते, म्हणून जेवणाच्या मधल्या वेळेत आणि थोडं थोडं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं.

बाकी बाटल्यांचं पण सांगतो. कॅन्सर कळला की प्रत्येक पाहुणा एक बाटली आणतो. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, एकानं तर गव्हांकुराचा रस. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सगळी पिशवी घेऊन या म्हणून सांगितलं, टेबलावर मांडली आणि सगळ्या बंद केल्या, ह्यातल्या काहींनी रक्त जास्त वाहतं, काही भुलीच्या औषधात गडबड करतात. पिशवी न्याच, लपवू नका. हिमोग्लोबिनला लोहाच्या गोळ्या नाही दिल्या, दोन आठवड्यात त्या काय चढणार, सलाईनमधून लोह दिलं. आणि रोज अर्धा तास चालणं आणि फुफ्फुसाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं ते फुंकायचं, म्हणजे ओढायचं यंत्र. अण्णा दोनच गोळ्या उचलायचे, नातू तिन्ही उचलून दाखवायचा आणि मग ईर्षेनं अण्णा पण.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं आणखी एक, ह्यावर घरात भांडण झालं होतं. आमच्या डोक्यात ऑपरेशन म्हणजे रात्रीपासून कडक उपवास, एकादशीसारखा. पण दूध, वरण, पावडर हे सगळं सहा तास आधी बंद करायचं, आणि पाण्यासारखं आरपार दिसणारं गोड पेय दोन तास आधीपर्यंत चालतं. आम्हाला लिंबाच्या चवीचं माल्टोडेक्स्ट्रिनचं पाकीट दिलं होतं, ५० ग्रॅम ४०० मिली पाण्यात, रात्री दोनदा आणि पहाटे एकदा. काका म्हणाले हे काय सरबत पाजायलेत पेशंटला. पण अण्णा त्या दिवशी भुकेनं कासावीस झाले नाहीत, गप पडून राहिले. शुगरवाल्यांना हे देतील का नाही ते त्यांच्या डॉक्टरनं ठरवायचं.

चौदा दिवसांनी वजन ५२ चं ५२.९. फक्त नऊशे ग्रॅम. मी जरा खट्टू झालो तर सर्जन म्हणाले घसरण थांबली हेच बघा, आणि अल्ब्युमिन दोन आठवड्यात पळत नसतं, ते परत तपासलं पण नाही. हिमोग्लोबिन ९.७. ऑपरेशन झालं, जोड टिकला, सातव्या दिवशी घरी आलो. हे पावडरीनंच झालं असं मी म्हणणार नाही, सर्जनचा हात, अण्णांचं नशीब, काय काय असतं. सरकारी योजनेत ऑपरेशन बसलं, डब्यांचे पैसे आमचे, परत केलेलं वजा जाता साडेचार हजाराच्या आत.

आता मार्क विचारतातच लोक म्हणून. बिनचवीच्या पावडरीला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या फाटलेल्या वरणाचा कापला, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय जातं की उकळत्यात टाकू नका. जिमच्या बरणीला मार्क देत नाही, ती आमच्यासाठी नव्हतीच. सॅशेला पण देत नाही, ज्यांना चालतं त्यांनी घ्यावं, पण मागचा कोपरा घरातल्या ज्येष्ठांना दाखवून. लिंबू पाकिटाला चार. व्हॅनिला डब्याला ग्लासात दीड, कॉफीच्या कपात तीन, आणि मुंग्यांकडून पाचपैकी पाच.